दादाचा उजवा हात

११ जाने. ९७
दादाला मारलं. स्टॅबिलायझरने, डोक्यात, डाव्या बाजूला.
कॅम्पसवर पोरांची मारामारी झाली, गावठी कट्टे निघाले, डिपार्टमेंटला कुलूप लागलं. म्हणून सरांना विचारून कॉम्प्युटर घरी आणला. दुर्गाघाटच्या गल्लीत रिक्षा येत नाही, शेवटचा टप्पा डोक्यावर वाहून. प्रोग्रॅम चौदा तास चालत होता. मेंदूतल्या बारीक तंतूंत पाण्याचे कण कसे भटकतात, लाखभर कणांची चाल. दोन तास उरले होते. दादाने वायर उपटली आणि पाणी तापवायचा रॉड लावला.
"अरे, नहाण्यापुरतं रे. ठंडी बघ किती आहे."
वर हसला. हातात आलं ते उचललं. लोखंडी डब्याचा कोपरा लागल्याचा आवाज अजून कानात आहे. खरं लिहायचं तर त्या क्षणी बरं वाटलं.

१२ जाने.
आठ टाके. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "पंचगंगा पर फिसल गये, डाक्टर साहब. काई थी." घाटाच्या पायरीवरचं शेवाळ म्हणे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सीटी स्कॅन साफ.
घरी आलो तर वहिनीने स्टॅबिलायझर पुसून जागेवर ठेवलेला. "पुसलाय, भावजी. कोपरा वाकलाय तेवढा." एवढंच. ही बाई ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ जाने.
दादा पहाटेच्या पाठाला बसला. आमच्यात यजुर्वेद म्हणताना प्रत्येक स्वराबरोबर उजवा हात हलतो, वर, खाली, बाजूला. लहानपणी हात चुकला की अप्पा मनगटावर छडी ओढायचे. दादाचा कधी चुकला नाही. माझाच चुकायचा, म्हणून मी फिजिक्समध्ये.
आज आवाज वर गेला आणि हात खालीच राहिला. परत म्हणून बघितलं. परत तेच. मग डाव्या हाताने उजवा धरून वर नेला. मी भिंतीवर मूठ मारली, बोटं फुटली. वहिनीने हळद लावायला बोलावलं, गेलो नाही.
बालाजी घाटावरचं पारायण पंधरवड्यावर. घर त्यावर चालतं.

१८ जाने.
प्रोग्रॅम परत लावला, या वेळी पुरा झाला. आता कळ दाबली की लगेच दिसतं. पडद्यावर तंतूंची जुडी, आत पांढरे कण, वर एक बाण. बाण फिरवायचा, त्या दिशेने पाणी किती पळालं त्याची रेघ बाजूला खाली येते. तंतूच्या लांबीने पाणी सुसाट, आडवं जायला गेलं की भिंतीला आपटून परत.
एक कळ तंतू फोडायची ठेवलीय. ती दाबत बसलो. फोड, फोड, फोड. शंभरदा तरी. कण बाहेर सांडतात. दात आवळलेले होते ते नंतर कळलं.
बाण लांबीने धरला तर फुटके आणि धड सारखेच दिसतात. आडवा केला की रेघ कोसळते. असं फुटलेलं सीटीत दिसतच नाही, म्हणजे सीटी साफ याचा अर्थ काही नाही.

२१ जाने.
फ्लॉपी घेऊन डॉक्टरांकडे. त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर होता. दहा मिनिटं स्वतः बाण फिरवत बसले. "बहुत बढ़िया. दिल्ली में एक जगह ये नाप लेते हैं. भाई साहब को भेज देते हैं, मैं लिख देता हूँ." मग थांबून, "एक बात बताओ. सीढ़ी पर गिरने वाले को पीछे लगता है. इनको तो बगल से लगा है. हुआ क्या था?"
तोंड उघडलं होतं. "काई थी," म्हणालो.
हरामखोर आहे मी.

२३ जाने.
पंचगंगा घाटावर नाववाल्या मंगरू मल्लाहला मारलं. गल्लीतल्याच पाचसहा जणांनी. तो जाळी ज्या पायरीवर धुतो तिथेच म्हणे काई होते, "तेरे कारण पंडितजी गिरे." दोघांनी हात धरले, एकाने वल्ह्याने पाठीत घातले. नाकातून रक्त. मंगरू म्हणत राहिला, "हम रोज रगड़ते हैं भइया, गंगा कसम."
मी वरच्या पायरीवर उभा होतो. सगळं बघितलं. वल्हं हिसकावून त्या पोरांची डोकी फोडावीत असं वाटलं. म्हणजे मला येतं ते तेवढंच. एक वाक्य बोललो असतो तर थांबलं असतं.

२४ जाने.
दादाला मंगरूचं कळलं. जेवताना डाव्या हाताने घास घेत होता, थांबला. ताट सरकवलं.

२५ जाने.
दादा आपणहून कॉम्प्युटरपाशी आला. "दाखव तुझा खेळ." दाखवला. बाण फिरवला, तंतू फोडले. तो बराच वेळ बघत होता.
"फुटलेलं परत जुळवायची कळ कोणती?"
"नाही केलेली."
"हं."
मग डॉक्टरांनी दिलेला दिल्लीचा फॉर्म काढला. माझ्यापुढे ठेवला. "तू भर. मला लिहिता येत नाही." नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग चौथा रकाना: चोट का कारण. पेन थांबलं. विचारलं, काय लिहू? दादा म्हणाला, "मी नहाऊन मंगरूकडे जाऊन येतो. तोवर लिही. माझं मी डॉक्टरला सांगितलं, आता तुझं तू लिही."
उठला, रॉड घेऊन आला. कॉम्प्युटर चालू होता. दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. डावा हात डोक्यापाशी गेला होता, त्याला बहुधा कळलंही नसेल.
"वासू, ही वायर काढू का?"
काढ म्हणालो. माझं रडू त्याला ऐकू गेलं असेल. नळाचा आवाज येतोय, तो बादली भरतोय. रकाना अजून कोरा आहे.