ठोक्याला ठोका

६ जानेवारी २०२५, सोमवार

पोचलो बुवा एकदाचा दातिवऱ्यात. सफाळ्याला उतरून टमटममध्ये बसलो, तर शेजारच्या मावशीची मासळीची पाटी अर्धी माझ्या मांडीवर. माझ्या पायाशी यंत्रांची पेटी. तीत काय हाय, असं मावशीनं विचारलं. म्हटलं, कान आहे. ती जी हसायला लागली ती गाव येईपर्यंत.

पण खोटं नाही सांगितलं मी. पंधरा वर्षं पाणबुडीत सोनार यंत्रावर पाण्यातले आवाज ऐकत बसून कानावर पोट भरलं. पाण्याखाली पाणबुडी आंधळी असते. सोनारवाला ऐकून सांगेल तेवढंच तिचं जग. पेन्शन घेऊन कोरेगावला घरी बसलो आणि महिन्याभरात बायको वैतागली. मिक्सर बिघडायच्या आधीच मी आवाजावरून सांगतो, म्हणून भावना माहेरी माझी तक्रार करते. शेवटी ही नोकरी धरली. ठाण्याची एक खासगी कंपनी किनाऱ्याजवळच्या पाण्यात गोंगाट किती आहे ते मोजतेय. मी पाण्यात माइक सोडायचा आणि ऐकत बसायचं. हे काय काम आहे?

उतरलोय रत्नाबाईंच्या घरी. त्यांचा मुलगा रूपेश बोटीचा तांडेल, त्याचीच बोट कंपनीनं सकाळच्या वेळेला ठरवलीय. त्याची बायको दीपाली. अंगणभर काठ्यांवर बोंबील वाळतायत. घाटावरचा माणूस वासानं पळून जाईल, असं रत्नाबाईंना वाटत होतं. मी रात्री चार भाकऱ्या हाणल्या, तेव्हा त्यांची खात्री पटली.

८ जानेवारी

आज पहिली फेरी. रूपेशनं इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावला. घोळ माशांचा थवा खालून जात असला तर लाकडातून त्यांचा गुरगुरल्यासारखा आवाज येतो म्हणे. मीही लावला. च्यायला, येतो की! माझा लाख रुपयांचा माइक आणि त्याचं वल्हं, दोघांनी एकच घोळ ऐकली. दिवसभर मग एकमेकांना चिडवणं चाललं होतं.

पाणी इथं सहा-सात वाव, म्हणजे चार मजली घर उभं केलं तर गच्ची जेमतेम वर राहील. कोळंबीची चटचट, दूरवरची जहाजं, खाडीच्या तोंडाशी वाळू घासण्याचा आवाज. फार दिवसांनी बरं वाटलं.

१० जानेवारी

संध्याकाळी ओटीवर बसून पाणबुडीच्या गप्पा. दीपालीला सगळं ऐकायचं होतं. सांगितलं, पाण्याखाली बॅटरीवर चालतो, डिझेल इंजिन बंद. शत्रू जवळ असला की कुजबुजत बोलायचं, पायात रबरी चपला. भांडी घासायची नाहीत. एकानं पाना पाडला होता, तर कॅप्टननं त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा दोन दिवस जेवला नाही. पाणबुडी स्वतः आवाज सोडत नाही, कारण सोडला की आपला पत्ता दिलाच म्हणून समजा. नुसतं ऐकायचं.

पाण्याखालून मारतात कसं, ते रूपेशला पाहिजे होतं. त्यात गुपित काही नाही, कुठल्याही पुस्तकात आहे. टॉर्पेडो नळीत सरकवायचा, आतला दरवाजा बंद. मग नळीत समुद्राचं पाणी भरायचं. आतला-बाहेरचा दाब सारखा झाला की बाहेरचा दरवाजा उघडायचा आणि हवेच्या दाबानं त्याला बाहेर ढकलायचं. पुढं त्याला स्वतःचे कान असतात. जिथं जास्त आवाज, तिकडं तो धावतो. म्हणून आपल्यावर सुटला तर गोंगाट करणारं एक नळकांडं पाण्यात टाकून आपण गुपचूप सटकायचं.

रत्नाबाईंना ते अजिबात आवडलं नाही. सोबतच्या कुणाला तरी मागं सोडून पळायचं, असलं आमच्यात नाय, म्हणाल्या. गेल्या वर्षी इथल्या गोमाची बोट इंजिन बंद पडून वाहत गेली, तर गावातली एकूण एक बोट निघाली होती. ज्याच्याशी भांडण, तोसुद्धा. एक माणूस पाण्यात अडकला की मागं कुणी राहायचं नाही, हा इथला कायदाच आहे. मी म्हटलं, मावशी, ते नुसतं नळकांडं असतं, माणूस नव्हे. तरी त्या नाहीच म्हणाल्या.

१३ जानेवारी

आज पाण्यातून ठोके ऐकू आले.

लोखंडावर हातोडी. तीन, थांबून तीन, पुन्हा तीन. माझ्या अंगावर काटा आला. बुडालेल्या पाणबुडीत माणसं जिवंत असली तर ती आतून असंच ठोकतात. पहिल्या दिवसापासून आम्हाला शिकवलेलं: ठोका ऐकलास तर उत्तर दे, म्हणजे आत गुदमरणाऱ्याला कळेल की कुणीतरी आहे. पाणी उथळ, इथं पाणबुडी येणं शक्य नाही, हे सगळं डोक्यात आलं. पण माणसं असली तर?

नांगर पाण्यात सोडला आणि वरच्या साखळीवर पान्यानं तीन ठोके दिले.

ठोके तत्काळ थांबले.

किनाऱ्यावर येऊन तटरक्षक दलाला फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चौकशी केली, दुपारी तासाभरानं उलट फोन आला. या भागात काही बुडालेलं नाही, कुणी हरवलेलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दीपालीनं तिळगूळ दिला, मी गोड बोलायचं कबूल केलं. सकाळी समुद्रात काहीच नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. कोळंबीची चटचटसुद्धा बंद. पंधरा वर्षांत असं पाणी ऐकलेलं नाही. रूपेशनं वल्ह्याला कान लावला आणि लगेच काढला. काय झालं विचारलं, तर जाळं ओढायला लागला. ओढीच्या पाण्यात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यात मूठभर कचरा आला.

१६ जानेवारी

बॅटरी बदलायला बोईसरला गेलो. दुकानात सगळा हिंदी कारभार, दुकानदारानं चहा पाजला, माणसात आल्यासारखं वाटलं. तिथून ठोक्यांचं रेकॉर्डिंग धर्मेशला पाठवलं. माझा जुना जोडीदार, एकाच सोनारवर आम्ही पाळीनं बसायचो. आता तोही घरीच असतो.

परतताना गाडी उमरोळीला उभी असताना त्याचा फोन आला. एरवी शिवीशिवाय ज्याचं बोलणं सुरू होत नाही, तो हळू आवाजात बोलत होता. हे ठोके त्यानं माझ्याआधीच्या पाणबुडीवर एकदा ऐकले होते, भर समुद्रात, खूप खोल पाण्यात. तिथल्या म्हाताऱ्या चीफनं तेव्हा उत्तर द्यायला निघालेला त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्यात माणूस नसतो म्हणे. ते नुसतं विचारतं, कोण आहे, कुठं आहे. उत्तर दिलं नाहीस ना, असं त्यानं मला तीनदा विचारलं.

मी खरं सांगितलं. गाडी सुटली. मग तो म्हणाला, पाण्यापासून लांब जा, आजच्या आज.

जायला हवं होतं. पण उद्या सकाळी रूपेश त्याच पाण्यात जाणार होता.

१७ जानेवारी

आज पाण्याखाली पंख्याचा आवाज, जहाजाला असतो तसल्या. अगदी मंद. आवाजाची दिशा दाखवणारा यंत्राचा काटा नैर्ऋत्येला. बोट उत्तरेला नेली, पुन्हा ऐकलं: काटा नैर्ऋत्येलाच. खाडीच्या तोंडाशी नेली, तरी तेच.

समुद्रावरचा साधा नियम आहे. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि आवाज वाढत जातो, म्हणजे ते थेट तुमच्यावर येतंय.

१९ जानेवारी

भांग लागला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर ओसरला. पाण्याला ओढ नसली की डोल जाळी टाकून उपयोग नसतो, त्यामुळं सगळ्या बोटी किनाऱ्यावर. देवा, बरं झालं. मी एकटा रूपेशची छोटी होडी वल्हवत जाऊन ऐकून येतो.

आवाज वाढलाय. बेटं घाईत नाही.

भावनाचा फोन होता. आवाज असा का येतोय तुमचा, म्हणाली. सर्दी झाली म्हटलं. पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो.

२२ जानेवारी

आज पाणी भरल्याचा आवाज. नळीत. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. आधी जोरात, मग वरवर चढत बारीक होत जातो, मग गप्प. नळी भरली.

बाहेरचा दरवाजा अजून बंद आहे. आवाजाची वाट बघतंय. भांगात बोटी नाहीत, आवाज नाही. पण अमावास्येचं उधाण आलं की गावातल्या सगळ्या बोटी एकदम निघणार. सगळी इंजिनं. माझ्या एका ठोक्यानं आणलंय ते इथवर. मला शोधत आलंय, आणि सापडणार ही माणसं.

२३ जानेवारी

रूपेशला सगळं सांगितलं. हसला नाही. त्यानंही वल्ह्यातून काहीतरी ऐकलंय, काय ते सांगत नाही. पण उधाण सोडून घरी बसायचं कसं, इतर तांडेलांना काय सांगायचं? रत्नाबाईंनी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. दीपाली जेवायला वाढताना रडत होती. घरी जावा भाऊ, म्हणत होती, तुमी लय थकलाव.

तुम्ही जाऊ नका, एवढंच मी म्हणत राहिलो. कुणी हो म्हणालं नाही.

२५ जानेवारी

भीती वाटते. लिहून टाकतो, म्हणजे निदान इथं तरी खरं असेल. मरणाची भीती वाटते मला.

पण उत्तर मी दिलं होतं. त्याला मी पाहिजे आहे. गोंगाट करणारं नळकांडं लागतं ना, ते मी होईन. पेटीत पिंगर आहे, यंत्र तपासायला पाण्यात आवाज सोडतो तो. बॅटरी नवी आहे. उधाणाआधी लांब जाऊन वाजवत बसायचं. जे सुटायचं ते माझ्यावर सुटू दे. मग पाणी मोकळं.

सांगून गेलो तर हे लोक जाऊ देणार नाहीत. उद्या सकाळी शाळेत झेंडावंदन, सगळं गाव तिथं असेल.

२६ जानेवारी

निघालो. कुणी बघितलं नाही. रत्नाबाईंनी रात्री खिशात सुके बोंबील कोंबले होते, ते आत्ता सापडले.

किनारा पुसट झाला. शाळेचा भोंगा अजून ऐकू येतोय.

पिंगर सोडला. वाजतोय. काटा नैर्ऋत्येला, पक्का. ये. ये इकडं.

आवाज मोठा — हेडफोन काढला तरी होडीच्या फळ्यांतून येतोय. अगदी जवळ. भावना, मिक्सरची बेअरिंग गेलीय, बदलून घे, सांगायचं राहिलं —

थांबलं. पंखा थांबला. दाब सारखा करतंय. शिट्टीसारखं — हो. माझ्यावरच आहे. बरं झालं. असंच —

हे काय वाजतंय?

इंजिन. किनाऱ्याकडून. एक — नाही, खूप. होडी जागेवर नाही हे कुणीतरी बघितलं असणार. अरे देवा. सगळ्या बोटी. सगळ्या. झेंडे लावलेल्या तशाच निघाल्यात, पुढं रूपेश. मला शोधायला —

हात केले, ओरडलो. परत जा. त्यांना वाटतंय मी मदत मागतोय. वेग वाढवला त्यांनी.

साखळी ठोकतोय, पिंगर पूर्ण मोठा केला — इतक्या इंजिनांपुढं कोण ऐकणार —

बाहेरचा दरवाजा उघडला. ऐकला मी.

काटा. काटा हलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नैर्ऋत्येवरून सरकतोय, माझ्यावरून पुढं गेला — मी इथं आहे रे, इकडं, मी दिलं होतं उत्तर, मी — काटा रूपेशच्या