‘आमचं आमी’ मंडळाची खोली व माझा खोटा अर्ज

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे निंबसरा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

अर्जदार : गौसिया बेगम भ्र. इब्राहीम पटेल, वय ७४ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, माजी सरपंच, रा. निंबसरा.

विषय : ‘आमचं आमी’ मंडळाविरुद्ध मी दिलेला अर्ज खोटा असल्याने तो मागे घेणे व मंडळाच्या खोलीबाबतचा निर्णय थांबविणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ११ एप्रिल २०२३.
२) त्यावर झालेला मासिक सभेचा ठराव क्र. ७.
३) आपले पत्र दि. १ सप्टेंबर २०२५.

महोदय,

आपण निंबसऱ्यास रुजू होऊन सहाच महिने झाले आहेत. त्यामुळे प्रकरण मुळापासून मांडणे मला भाग आहे. आपण वयाने माझ्या थोरल्या मुलापेक्षा लहान आहात, म्हणून एक सूचना करते. हा अर्ज उभ्याउभ्या चाळून टपालात टाकू नये. बसून वाचावा.

१. आमच्या गावात व शेजारच्या तांड्यावर मिळून अकरा माणसे अशी आहेत की ज्यांची समज जन्मापासून सावकाश चालते, कोणाचे बोलणे अडते, कोणाला अक्षर उशिरा लागते. सर्व प्रौढ आहेत. सर्वांत धाकटी ऐश्वर्या एकवीस वर्षांची व सर्वांत वडील ग्यानोबा त्रेपन्न वर्षांचा. माझी मुलगी आफिफा, वय ४१, ही त्यांपैकी एक. सन २०१८ मध्ये साधना नावाच्या विशेष शिक्षिका हिंगोलीहून येऊन या लोकांना शिकवू लागल्या. त्यांनी यांची एक बैठक सुरू केली व ग्रामपंचायतीच्या मागील खोलीची परवानगी मिळविली. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. बैठक बंद पडेल असे सर्वांना वाटले, मलाही वाटले. ती बंद पडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी हे अकरा जण आपले आपण जमत राहिले.

२. त्यांचे नियम त्यांनीच केलेले होते. अध्यक्ष कायमचा नाही, दर महिन्याला बारी बदलते. आईबाप व भाऊबंद यांनी ओट्यावर बसावे, आत येऊ नये. एकाचे बोलणे अडले तर बाकीच्यांनी थांबावे. जो दुसऱ्याचे वाक्य पुरे करील त्याने सर्वांना पाणी आणून द्यावे. या रीतीने एका विषयाला तीन तीन तास लागत. मी ओट्यावर बसून हसत असे. तरीही त्याच खोलीत ठरवून हे लोक आरोग्य उपकेंद्रात गेले व नर्सबाईंना म्हणाले की, कुठे दुखते ते आईला विचारू नका, आम्हाला विचारा. तेव्हापासून तेथे तशी पद्धत पडली. वारंगा फाट्याच्या बसमध्ये तांड्यावरचा प्रेमसिंग स्वतःचे तिकीट स्वतःच्या हाताने घेऊ लागला. आफिफा सही शिकली. तिच्या सहीस चार मिनिटे लागतात व शेवटचा काना ती मागून, पेन उचलून देते. ती सही कोणाच्याही सहीइतकी पक्की आहे.

३. दि. ६ एप्रिल २०२३ रोजी रमजान चालू असल्याने मला इफ्तारच्या तयारीची घाई होती. आफिफास नेण्यासाठी मी खोलीत शिरले. त्या महिन्याची बारी आफिफाची असल्याने ती खुर्चीवर होती. ग्यानोबा उभा राहून “मला... मला...” असे म्हणत होता. बराच वेळ त्यापुढे शब्द येईना. मी दारातूनच म्हणाले, “त्याला नव्या चपला पाहिजेत.” ग्यानोबा खाली बसला. तेव्हा प्रेमसिंग माझ्याकडे बोट करून म्हणाला, “गौसियाबी, पानी तुमच्याकडं लागलं.” सर्व जण माझ्याकडे पाहत बसले. मी आफिफाकडे पाहिले. ती घरी माझ्याशी दखनीत बोलते, मंडळात मराठीत. ती मराठीत म्हणाली, “नियम हाय अम्मी. समद्यांना हाय.”

महोदय, मी या गावची सरपंच होते. सोयरिकी माझ्या शब्दावर ठरत व मोडत. मी पाणी आणले नाही. आफिफाला हाताला धरून घरी नेले. ग्यानोबाला काय सांगावयाचे होते ते मला आजतागायत ठाऊक नाही. चपला नव्हत्या, एवढे त्याच्या बसण्यावरून कळत होते.

४. पाचव्या दिवशी मी संदर्भ क्र. १ चा अर्ज दिला. त्यातील पुढील मजकूर खोटा आहे :

(अ) “सदर व्यक्ती कोणाच्या तरी शिकवणीने बोलतात” असे मी लिहिले. शिकवणारी बाई जाऊन तीन वर्षे झाली होती.

(आ) “ऐश्वर्या ही मुलगी खोलीच्या पायरीवरून पडून जखमी झाली” असे लिहिले. ऐश्वर्या तिच्या स्वतःच्या अंगणात, शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडली होती. मला ते माहीत होते. या एका वाक्याने सर्व आईबाप घाबरले. गावात माझ्या शब्दाची शहानिशा करण्याची रीत नसल्याने आपल्या कार्यालयानेही ती केली नाही. तो दोष कार्यालयावर ढकलू इच्छित नाही. मी त्याच भरवशावर लिहिले होते.

(इ) अर्जासोबत आफिफाचा मंडळ सोडल्याचा राजीनामा जोडला. तो माझ्या अक्षरात आहे व खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. मी शाईची डबी उघडली तेव्हा तिने पेन मागितले. “मेरेकू सही आती है ना, अम्मी,” असे ती म्हणाली. वेळ नाही, असे सांगून मी तिचा अंगठा धरून दाबला. वेळ होता. वाचून दाखविल्याशिवाय ती सही करणार नाही व वाचून दाखविल्यावर तर मुळीच करणार नाही, हे मला ठाऊक होते.

५. ठराव क्र. ७ अन्वये मंडळाचा कारभार पाच जणांच्या पालक समितीकडे आला व मी तिची अध्यक्ष झाले. बारी बंद झाली. आम्ही पालक खुर्च्यांवर बसू लागलो, मंडळी भिंतीला लागून धुतलेल्या कपड्यांत बसू लागली. बैठक वीस मिनिटांत आटोपू लागली व याचा मी अभिमान बाळगला. इतिवृत्त मी लिहीत असे. त्यात “सदस्यांनी समाधान व्यक्त केले” हे वाक्य सलग नऊ वेळा आले आहे. एकाही सदस्याने तोंड उघडलेले नव्हते. अकराचे सात झाले, सातांचे तीन, नंतर खोलीला कुलूप.

६. हे सर्व मला चुकीचे वाटत नव्हते, हेही नमूद करणे प्राप्त आहे. या वर्षी जून महिन्यात आफिफा जेवेनाशी झाली म्हणून तिला उपकेंद्रात नेले. नर्सबाईंनी जुन्या पद्धतीप्रमाणे तिलाच विचारले, “कुठं दुखतंय, आफिफा?” आफिफाने माझ्याकडे पाहिले. नर्सबाईंनी पुन्हा विचारले. ती माझ्याकडेच पाहत राहिली. मी “पोट” असे सांगितले. तीन दिवस तिने पोटाच्या गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. चौथ्या दिवशी गाल सुजला. दुखत दाढ होती. का सांगितले नाहीस, असे मी विचारले, त्यावर ती म्हणाली, “तुम बोले ना, पोट करके.”

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. ही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे.

७. सन १९९७ मध्ये सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले व मी निवडून आले. पहिले दोन महिने माझ्या खुर्चीवर माझे दीर मुबश्शीर पटेल बसत, मी मागे सतरंजीवर. सभेत कोणी मला काही विचारले की उत्तर ते देत. तिसऱ्या महिन्यात मी शिपायाला सांगून त्यांची बसण्याची सोय ओट्यावर करविली व महिला सदस्यांच्या नातेवाइकांनी सभेत बसू नये असा ठराव लिहवून घेतला. त्याबद्दल वर्षभर ते माझ्या घरचे पाणी प्याले नाहीत. तो ठराव आपल्या दप्तरात असेल. मी आयुष्यभर त्याची फुशारकी मारली. आफिफाने ती गोष्ट माझ्याच तोंडून शंभर वेळा ऐकली आहे. पालकांनी ओट्यावर बसावे, हा नियम मंडळात कोणी मांडला होता ते मी आता चौकशी करून घेतले. तो आफिफाने मांडला होता.

८. ऑगस्टमध्ये मी माझा अर्ज मागे घेण्यासाठी आपल्या कार्यालयात आले. त्यानंतरचा पत्रव्यवहार पुढीलप्रमाणे आहे. मंडळ परत सदस्यांकडे देण्यास पालक समितीच्या अध्यक्षांची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. अध्यक्ष मीच असल्याने मी मला संमती दिली. नंतर समितीची रीतसर सभा लागेल, असे कळविण्यात आले. मी समितीच्या सर्व सदस्यांना नोटीस काढली, माझी नोटीस मीच स्वीकारली व पोच घेतली. सभेस ग्यानोबाच्या आई द्वारकाबाई तेवढ्या आल्या. त्यांनी चौकटीबाहेरूनच विचारले, “तुमीच म्हनल्या व्हत्या ना, पोरगी पायरीवरून पडली म्हनून? आता काहून उलटं बोलून राहिल्या?” मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हंजी माझं ग्यानोबा दोन वर्सं उगंच घरात बसलं?” व निघून गेल्या. सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. मग मी, खोटा अर्ज दिल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस द्यावी, अशी विनंती केली. अर्जदाराच्याच विनंतीवरून अर्जदारास नोटीस देण्याचा नमुना उपलब्ध नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. नमुना उपलब्ध होईपर्यंत हा परिच्छेदच माझा खुलासा समजावा. खुलाशात सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

९. दरम्यान संदर्भ क्र. ३ चे पत्र आले. खोली वापरात नसल्याने तेथे फवारणी पंप व ताडपत्र्या ठेवण्याचा विषय दि. २६ च्या मासिक सभेपुढे येणार असल्याचे समजले. मी त्याच दिवशी मंडळाच्या वतीने दोन पानी अर्ज तयार केला. मजकूर चांगला झाला होता. तो आफिफाला वाचून दाखविला व पेन पुढे केले. तिने पेन घेतले, टोपण लावले व परत दिले. तिचे शब्द जसेच्या तसे देते, कारण इतिवृत्तात मी तसे कधी दिले नाहीत : “ये तुमारा अर्ज है, अम्मी. हमारा हम लिखते. तुम तुमारा लिखो.”

म्हणून हा अर्ज फक्त माझा आहे. यात मंडळासाठी खोली मागितलेली नाही. ते मागणे माझे नाही.

१०. तरी विनंती की,

माझा दि. ११ एप्रिल २०२३ चा अर्ज खोटा म्हणून निकाली काढावा. आफिफाचा राजीनामा रद्द समजावा. त्यावरचा ठसा तिच्या अंगठ्याचा असला तरी जोर माझा आहे. सहीसाठी तिला बोलवायचे असल्यास चार मिनिटे राखून बोलवावे.

दि. २६ च्या सभेत खोलीचा विषय घेऊ नये. मंडळींचा अर्ज तयार होत आहे. सध्या ते ग्यानोबाच्या गोठ्यात बसतात. मी गेले नाही, द्वारकाबाई सांगतात. तीन जण होते, आता सहा आहेत. ऐश्वर्याही येते. अर्ज घेऊन ते स्वतः येतील. त्या दिवशी “सोबत कोण आहे?” असे कोणी विचारू नये. त्यांना खुर्च्या द्याव्यात. बोलणे अडले तर थांबावे, खिडकीकडे अगर घड्याळाकडे पाहू नये. आपल्या उत्तरात “उपरोक्त”, “सदर”, “अन्वये” असले शब्द नसावेत. हे मी, जिने आयुष्यभर हेच शब्द वापरून माणसांना गप्प बसविले, ती आपणास सांगत आहे. आपले उत्तर त्यांच्याच हाती द्यावे, माझ्या घरी पाठवू नये.

आणि एक. खोली त्यांना मिळाल्यास, मी कोणत्याही कारणाने, मुलीला नेण्यासाठी, औषध देण्यासाठी, दोन शब्द मार्गदर्शनासाठी, आत येऊ पाहिले तर मला आपल्या शिपायाने ओट्यावर थांबवावे. मी दरडावीन. माजी सरपंच असल्याचे सांगेन. तरी थांबवावे. माझ्या स्वभावाची हमी मला देता येत नाही, म्हणून आपल्या कार्यालयाची मागत आहे.

११. त्यांच्या अर्जास आज नववा दिवस आहे. चार ओळी झाल्या आहेत, असे द्वारकाबाईंकडून कळते. तिसऱ्या ओळीत माझे नाव आहे, असेही त्या म्हणाल्या व पुढे सांगू लागल्या. मी त्यांना थांबविले. ती ओळ आपण माझ्या आधी वाचाल. ती जशी असेल तशी आवक नोंदवहीत घ्यावी.

आपल्या निर्णयास बांधील, कसूरदार अर्जदार,

(सही)
गौसिया बेगम भ्र. इब्राहीम पटेल
निंबसरा, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) दि. ११ एप्रिल २०२३ च्या अर्जाची प्रत, खोट्या वाक्यांखाली रेघ मारून.
२) पालक समितीच्या अध्यक्षपदाचा माझा राजीनामा, सहीनिशी.