खुर्ची भिंगरीची, भिंत कुणाचीच नाही

मी, केस कापण्यात जन्म घालवलेली बाई, डोकं ठिकाणावर ठेवून, मानगुटीवर कुणी बसलेलं नसताना, हे मृत्युपत्र करते. वकील लिहून घेतायत. त्यांचे केस मीच कापते, म्हणून फार अडवत नाहीत.

पहिलं म्हणजे दुकान. ते मी कुणालाच देत नाही, कारण ते माझं नाही. पैसे माझे, पण खरेदीखतावर नावं माझ्या थोरलीची आणि धाकट्याची. तेव्हा दोघं अज्ञान, म्हणून पालक म्हणून सही माझी. नवरा गेल्यावर दीर आला. "वहिनी, टाका विकून. गिऱ्हाईक आणलंय."

म्हटलं, "मालकांना विचारा."

मालक फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरत होते. पोरांची मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय मला विकता येत नाही, हे कळल्यावर दीर चहा न घेताच गेला. त्याला माझा चांगला कंगवा द्यावा. टक्कल आहे, माहीत आहे मला.

कात्र्या थोरलीला. धाकट्याने पतंगाचा कागद कापून जी बोथट केली, ती त्यालाच.

मालकांनी तेव्हा मला अट घातली होती: दुकान खुशाल वापर, पण भाडं म्हणून रोज खुर्चीत फेरा. वकील म्हणतात, अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हटलं, "साहेब, त्याची वसुली करायला आलेली पोरं तुम्ही पाहिली नाहीत!" भाडं मी कधी थकवलं नाही.

आता मालकांना दुकानात मधोमध भिंत हवी. इकडे थोरलीचं केस कापणं, तिकडे धाकट्याची मोबाइल दुरुस्ती. हक्क त्यांचा. पण भिंत झाली की दोघांचं बोलणंही बंद होईल, ही माझी धास्ती. आणि बरोबर मधोमध खुर्ची आहे, फरशीत बोल्ट मारून बसवलेली. ती मात्र माझी.

ती मी थोरलीच्या लेकीला, भिंगरीला देते.

"मावशी, ती अज्ञान आहे," वकील म्हणाले.

"मग? करार होत नाही, पण देता तर येतं ना? आणि लिहा, ती सज्ञान होईपर्यंत खुर्ची जागची हलवायची नाही."

"फरशी मालकांची. अट टिकेलच असं नाही."

एवढ्यात धाकटा टेप घेऊन आला, भिंतीचं माप घ्यायला. खुर्चीतून भिंगरी ओरडली, "मामा, फेरा!" टेप खिशात गेली. थोरली म्हणाली, "हळू रे, पडेल ती," आणि दुसऱ्या बाजूने तीही ढकलायला लागली.

"टिकेल," वकील म्हणाले.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. मी दोनदा हसले. बरोबर आहे.

साक्षीदार, माझ्यासमोर सही करून: समोरचा चष्मेवाला, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई.
ठिकाण: खुर्चीशेजारी.
तारीख: भिंगरीचा सहावा वाढदिवस.
सही: आई, म्हणजे भाडेकरू.

खाली भिंगरीनेही सही ठोकली आहे, मालक म्हणून. कायद्यात तिला किंमत नाही. खोडू नये.