घसा बसलाय

९ डिसेंबर
आज पुन्हा खोटं बोलले. चर्चचे चिटणीस दारात उभे. "पाळकसाहेबांचा घसा अजून बसलेलाच का?" हो म्हटलं. घसा कसला — माणूसच बसलाय! हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पुढ्यात ताट ठेवलं की दोन घास, तेही माझ्या धाकाने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचा आजार आहे, गोळ्यांना वेळ लागेल. "चर्चच्या मंडळीत सांगू नकोस." आठवडाभरात यांच्या तोंडून एवढंच वाक्य निघालंय.

१२ डिसेंबर
नणंदेचा फोन. "वहिनी, विश्वास कमी पडतोय तुमचा. नाताळ आलाय, आनंदात राहा." उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं! फोन ठेवला आणि पातेलं असं आपटलं की कडेला पोचा पडला.

देवा, या माणसाने आयुष्यभर तुझ्या नावाने लोकांचे डोळे पुसले. इस्पितळात, तुरुंगात, स्मशानात. आता याची वेळ आली तर तू कुठे दडी मारलीस?

१७ डिसेंबर
देवाशी बोलणं बंद.

२० डिसेंबर
चर्च आमच्या घराला लागूनच. गायकवर्गाची तालीम चालू आहे. गाण्यात 'आनंद' आला की मी खिडकी लावून घेते. पुन्हा उघडते, कारण खोलीत कोंदटतं. मग पुन्हा आनंद.

चिटणीस आले होते. "नाताळचा उपदेश कोण करणार? साहेबांना झेपत नसेल तर मंडळीला काही विचार करावा लागेल." त्या 'विचारा'त सगळं आलं — हे घरही चर्चचंच. मी म्हटलं, "मी बोलेन." रागाच्या भरात निघून गेलं तोंडून. आता भोगा.

२५ डिसेंबर
गोडगोड उपदेश लिहून नेला होता. उघडलाच नाही.

म्हटलं, "यांचा घसा बसलेला नाही. हे मनाने आजारी आहेत. यांना प्रार्थना करता येत नाही आणि मला करायची नाही. मी देवावर रागावले आहे. तो गोठ्यात जन्मला म्हणतो ना आपण? मग त्याने आमच्या अंधाऱ्या खोलीत यावं. इथे माळांच्या झगमगाटात त्याचं काय काम?"

पुढच्या बाकावरून चिटणीस उठले. वाटलं, आता ते मला खाली बसवणार, आणि उद्या सामान बांधा म्हणणार.

"माझी बायको गेली," ते म्हणाले, "तेव्हा मी वर्षभर इथे येऊन नुसते ओठ हलवत होतो. फक्त साहेबांना कळलं होतं. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. शेजारी येऊन बसायचे." एवढं बोलून खाली बसले.

घरी आले तर हे तसेच, भिंतीकडे तोंड. मागोमाग चिटणीस आले. चपला काढल्या, पलंगाशी खुर्ची ओढली आणि बसून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. राग आहेच अजून. पण चहा टाकताना दोन कप जास्त ठेवले — एक चिटणीसांना, एक त्या गोठ्यातल्याला.

२६ डिसेंबर
सकाळी हे उठून बसले. "काल खिडकीतून सगळं ऐकलं मी. मीही रागावलोय त्याच्यावर. एकट्याने भांडायची ताकद नव्हती." आणि हात पुढे केला. किती दिवसांनी घरात प्रार्थना झाली — निम्म्याहून अधिक भांडणच. 'आमेन' मात्र यांनीच म्हटलं.