कानातलं यंत्र काढल्यावर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आलो एकदाचा नव्या घरात! सामान लागलं म्हणायला हरकत नाही; म्हणजे पुस्तकांची तेरा खोकी भिंतीला टेकली आणि मी खुर्चीला. घर तळमजल्यावर आहे, त्यामुळे गुडघे भलतेच खूश. पुढे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक रिकामी खोली. लिहायचं टेबल मागे लावलं. तिथल्या खिडकीतला उजेड मऊ आहे, डोळ्यांना टोचत नाही. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार वळ उठलेत. टेबल बरोब्बर त्यांच्या मधोमध बसलं.

घर पुतणीने शोधलं. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, तेव्हा माझी काळजी वाहण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलंय. जाताना दम भरून गेली, की काका, रोज एक मेसेज आला पाहिजे, नाहीतर उचलून माझ्याकडे नेईन.

ही रोजनिशी मासिकाच्या संपादकांसाठी. म्हाताऱ्या कथालेखकाचं रोजचं जगणं वाचकांना हवंय म्हणे, कथांपेक्षा ते जास्त आवडतं. बेचाळीस वर्षं उगाच पात्रं रचत बसलो!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रक्तदाबाची गोळी, चहा, मग दोन पानं. लिहायला बसलो की कानातलं यंत्र काढून ठेवतो. बहिऱ्या माणसाची ही एवढीच चैन: बटण दाबलं की जग गप्प.

समोर शिंप्याचं दुकान आहे. पायजमा आखूड करायला दिला. साठीचा, मितभाषी माणूस. या गल्लीत तीस वर्षं काढली म्हणाला. मी कुठल्या खोलीत झोपतो, हे मात्र त्याने दोनदा विचारलं. पुढच्या, असं सांगितल्यावर बरं म्हणाला आणि मान खाली घालून मशीन चालवायला लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गंमतच झाली. सकाळचे अकरा वाजले असतील. यंत्र टेबलावर, मी वहीत डोकं खुपसून, आणि मला ऐकू आलं.

"आलास का रे?"

बाईचा आवाज. थकलेला, पण स्वच्छ, अगदी कोपराशेजारून. घाईघाईने यंत्र कानात घातलं. पंख्याची घरघर, बाहेर स्कूटर. बाई नाही. यंत्र काढलं.

"बोलत का नाहीस?"

घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, आनंद झाला. गेल्या नऊ वर्षांत माझ्याशी इतकं स्पष्ट कुणी बोललंच नव्हतं. कान गेले की मेंदू आवाज तयार करतो, असं कानाचे डॉक्टर म्हणालेच होते. करू दे. कथेला आयतं पात्र मिळालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिला उत्तर दिलं. लेखकाची खोड, दुसरं काय. संवाद सुचला आणि बोलून गेलो: "आलो गं आई. कामात अडकलो होतो."

मग हुंदका. मग, "आता जाऊ नकोस."

"नाही जाणार," मी म्हणालो. आवाजात थोडा ओलावाही आणला. नट व्हायला हवं होतं मी.

"आणि ती? ती कुठंय?"

ती कोण, म्हणून विचारलं, तर पुन्हा तेच, ती कुठंय. सगळं वहीत उतरवून घेतलं. पाच पानं सरसर झाली. कितीतरी वर्षांनी इतकं सोपं गेलं.

पुतणीला सांगितलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून वृद्धाश्रमाची चौकशी सुरू करेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे संपादकांना पाठवायचं नाही.

कालपासून घशाला कोरड आहे. सकाळपासून सहा पेले पाणी झालं, तरी जीभ टाळ्याला चिकटतेय. पायजमा आणायला गेलो, तर माझे ओठ बघून शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. विचारलं, की मागच्या खोलीत बसता का? हो म्हणालो. तेव्हा त्याने सांगितलं.

तिथे एक म्हातारी असायची. कमरेखाली लुळी, पलंगाला खिळलेली. मुलगा आणि सून तीन दिवसांसाठी म्हणून दाराला कुलूप लावून गेले, ते अकराव्या दिवशी परतले; तोवर ती संपली होती. पाण्याचा तांब्या स्टुलावर भरलेला होता. तिचा हात मात्र पोचत नव्हता. शिंप्याला हाका ऐकू यायच्या. त्याला वाटलं, मुलगा आत असेल. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

महिन्याभरात मुलगा त्याच खोलीत वारला. उशाशी पाणी होतं, नळ चालू होता, आणि डॉक्टर म्हणाले की माणूस तहानेने मेला. सून त्या दिवसापासून माहेरी आहे. या गल्लीत तिने परत पाऊल टाकलं नाही.

आणि मी तिला म्हणालो होतो, आलो गं आई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. यंत्र कानातून काढलं नाही, आंघोळीलाही नाही. पाणी तोंडात घेतलं, घशाखाली उतरेना. तसंच ओठांतून बाहेर आलं.

दुपारी धीर करून आत गेलो. मोठ्याने सांगितलं, की मी तुमचा मुलगा नाही, मी गोष्टी लिहितो, चूक झाली, माफ करा.

यंत्र कानात होतं. तरी ऐकू आलं.

"तेव्हाही असंच खोटं बोलून गेलास."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी भरली. बाहेरच्या दारापर्यंत गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा मागच्या खोलीत, फरशीवर. कमरेखाली पाय आहेत असं वाटतच नाही —

पुन्हा विचारतेय. ती कुठंय. ती कुठंय.

पुतणीला मेसेज केला: येऊ नकोस. काहीही झालं तरी या घरात येऊ नकोस. लगेच उत्तर: काका, काय झालं? उद्या सकाळीच निघते. मी लिहिलं, नको. परत लिहिलं, नको. मग फोन हातातून निसटला, कपाटाखाली गेला. हात पोचत नाही.

घराची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

जीभ सुजली. ओरडता येत नाही.

शिंप्याचं दुकान आज बंद —

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आत येऊ नकोस. दाराखालून सरकवायचा. सरपटत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलो. पुढे नाही जमत. बाहेरचं दार इथून दिसतं. दहा पावलं.

रिक्षा थांबली. चपला वाजल्या. तिच्याच, भराभर चालते पोर. बेल. काका, काका —

नको बाळ, परत जा

मागचा आवाज थांबलाय. रडणं नाही, हाका नाही. पहिल्यांदाच हसतेय. किती मायेने बोलतेय.

"सूनबाई आली वाटतं."

नाही. नाही हो, ही माझी पुतणी. हिचा तुमच्याशी काही संबंध नाही, हिला काही माहीत नाही, हिने कुणाला कोंडलं नाही, ही तर रोज मला —

कुलपात किल्ली फिरतेय

आई, ऐक, मी आहे ना, मी आलोय, मी तुझा मुलगा, मला घे, हिला नको, आई, हिला