डाव्या कानातली ढोलकी

कारधा
८ जुलै २००९

प्रिय गुंजन,

आईच्या गाण्यांच्या प्लेअरसाठी तू पाठवलेला स्टँड कसा आहे ते महिन्याच्या आत कळवा, नाहीतर दुकानदार परत घेणार नाही, असं तू तीनदा बजावलंस. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. आलेला माल तपासून शेरा लिहिणं तेवढं जमतं.

वजन चांगलं आहे, धक्का लागला तरी पडत नाही. प्लेअर खोचला की चार्ज होतो आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरवर वाजतो. सोबत प्लेअर बसवायला प्लास्टिकचे सहा साचे आले. पाच बसले नाहीत. सहावा बसला, पण प्लेअर डुगडुगत होता, म्हणून मागे एसटीचं तिकीट दुमडून घातलं. आता पक्का आहे. रिमोटवर अठरा बटणं आहेत, मला एक कळतं. शेजारच्या मंदाबाईंना तो फोटोचा स्टँड वाटला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर प्लेअरला झेंडूचा हार. "वहिनीचाच होय ना तो, भाऊजी, मंग?" म्हणाल्या. संध्याकाळी हार काढला, कारण त्याने बटण दबून गाणी आपोआप बदलत होती.

तरी आठवडाभरात मी स्टँड परत पाठवायला खोक्यात भरला. आई जाऊन चार महिने झाले. त्याआधी चार वर्षं आम्ही रोज संध्याकाळी जुन्या पुलावर एकाच इयरफोनने गाणी ऐकत चालायचो. उजवा तिच्या कानात, डावा माझ्या. ती मासे पाहायला थांबली की माझा निघायचा. लोक हसायचे. "अजी, जवळ चाला ना, तार तुटन," असं ती म्हणायची. स्पीकर खोलीभर वाजतो, त्याला जवळ कोणी लागत नाही. हा दोष मी शेऱ्यात लिहिणार होतो.

काल खोक्यावर पत्ता घालण्याआधी शेवटची तपासणी म्हणून तिचं आवडतं गाणं लावलं. तू नाटकवाल्यांच्या जुन्या कॅसेटवरून भरून दिलं होतंस ते. त्या गाण्याला ती दरवेळी हसायची आणि मला कोपर मारायची, "आयकलं का जी?" मी मान डोलवायचो. ढोलकी खरंच चांगली होती. ढोलकीत हसण्यासारखं काय आहे, हे विचारायचं राहून गेलं.

काल स्पीकरवर मध्येच एक बाई गायला लागली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग जुना इयरफोन लावून एकेक कान तपासला. डाव्यात फक्त ढोलकी, उजव्यात फक्त गाणं. कॅसेट भरणाऱ्यानेच तसं भरलं होतं. माझ्या वाट्याला शब्द कधी आलेच नव्हते. गाण्यातली बाई तक्रार करते, की माझा नवरा माझं एक अक्षर ऐकत नाही, नुसती मान डोलवतो.

तर स्टँड परत पाठवत नाही. शेरा: माल स्वीकारला. काल ते गाणं तीनदा लावलं. तिन्ही वेळा त्या ओळीला मी "आयकलं" म्हणालो. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने झालं असावं. मंदाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊजी, कोनासंगं बोलून राहिले?"

तुझाच,
बाबा