सूर्य सरकला म्हणून अडलेली पेरणी

४ जून, चाकूर
टँकर आजही आला नाही. विहिरीत नुसता गाळ. लातूर जिल्हा झाल्यापासून हे तिकडच्या कचेरीत, रविवारपुरते घरी. इथं मी आणि सासरे, म्हणजे मामा.
संध्याकाळी अंगणात मामांना तारे दाखवले. ज्येष्ठा लाल म्हणून थंड, अभिजित निळसर म्हणून तप्त. असे सात वर्ग, आपला सूर्य उष्णतेत पाचवा. "पाचवा असून येवढा भाजून राहिला व्हय!" मामा असे हसले की मलाही जोर चढला. सांगून टाकलं, सूर्यही जागेवर नाही, आपल्याला घेऊन अभिजितच्या बाजूला चाललाय, सेकंदाला वीस किलोमीटर. यावर हसले नाहीत. मास्तरीण घरातही गप्प बसत नाही!

८ जून
सूर्य मृगात आला. सगळी गल्ली धूळपेरणीला, पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत बी. मामा बाजेवर. "सूर्य सरकला म्हून तूच सांगितलं न्हवं? मग मृग जाग्यावर कसा ऱ्हाईल? आता पेरायचं न्हाई."
डोक्याला हात लावला. ते सरकणं डोळ्याला दिसायला हजारो वर्षं लागतात, परोपरीनं सांगितलं. "हाव, हाव." ऐकलं नाही. ज्वारीचं बी एकच पोतं, घरचं. वेळ हुकली तर वर्षभर खायचं काय?

१२ जून
आठलाच रात्री एक सर पडली. शेजारी दगडूभाऊंच्या रानात कोंब, आमचं रान उघडं. हे आले, ऐकलं, म्हणाले, "शाळेतलं शाळेत ठेवत जा." इतका संताप आला, जेवले नाही.

२१ जून
पुन्हा थेंब नाही. दगडूभाऊंचे कोंब करपले. सगळ्यांचेच. आमचं पोतं शाबूत. मामा पारावर सांगत सुटलेत, "आमच्या सूनबाईला सूर्याची चाल कळती." पाण्याच्या रांगेत बायका मला पुढं सोडतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

२३ जून
दगडूभाऊ आले. "मॅडम, उरलेलं बी टाकू का? सूर्य कुठवर गेला?" म्हटलं, पेरणीशी त्याचा संबंध नाही, मामांचं बी वाचलं ते योगायोगानं. तोंड पाडून उठले. "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. घरच्यालाच सांगा." त्यांच्याकडे आता मूठपसाच उरलंय.

२५ जून
दुपारपासून ढग. मातीचा वास सुटलाय, कुठंतरी पडतोय. मामांनी पोतं ओढून उंबऱ्यात आणलं. अंगणात दगडूभाऊ आणि गल्लीतले चौघं. सगळे माझ्याकडे बघत.
"सांग माय, आज का उद्या?"
म्हटलं, मामा, मला माहीत नाही. खरंच नाही. आणखी काय सांगणार होते?
मामांनी मान डोलावली. "बरं. तुला म्हाईत झालं की सांग. तवर थांबतो आम्ही."
सगळे खाली बसले. ढग डोक्यावर आलेत. पोतं उंबऱ्यातच.